जाते संग्रहालयात, ओवी कुठे?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरांतील दिवे आणि अडकित्ते निगुतीने जपलेले आहेत. वस्तू अशा जपता येतात. पण जात्यावरची ओवी कोणत्या कपाटात ठेवणार?

सोमेश्वर चालुक्याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली १२९० मध्ये. म्हणजे ज्या छंदात माउलींनी गीतार्थ सांगितला, तो निरक्षर मायबहिणींच्या कंठी आधीपासूनच नांदत होता. आपल्या कुटुंबांतील धर्मसंस्कार पोथीइतकेच, कदाचित पोथीहून अधिक, या पहाटेच्या ओव्यांनी केले. त्यांत सीतेचा वनवास आहे, पंढरीची वाट आहे, माहेर आणि भाऊराया आहे; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही त्याच भक्तिभावाने रचलेल्या आहेत. समरसतेची भाषा करणाऱ्यांनी त्या अवश्य ऐकाव्यात.

विजेची गिरणी आली आणि बायकांच्या मनगटांची सुटका झाली. त्याबद्दल हळहळणे हा पुरुषी चोचला होय! मात्र श्रम सरले तसे गाणेही सरले. साने गुरुजी, दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांनी ओव्या ग्रंथबद्ध केल्या. पण कागदावर शब्द उरतो, गळा उरत नाही. फ्रान्समध्ये जन्मून भारतीय नागरिक झालेले गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने हे भांडार लोकांपुढे आणले. या मंडळींशी आपले वैचारिक मतभेद असतील. परंतु संस्कृतीचा उच्चार आपण करायचा आणि तिच्यासाठी पायपीट इतरांनी करायची, हे कितपत शोभते?

गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून दाखविले जाणारे जाते वारकरी श्रद्धेने फिरवतात. लग्नघरी घाणा भरताना आजही जाते पूजले जाते. गाणे मात्र ध्वनिफितीवर लागते. त्या दिवशी घरातल्या आजीला, मावशीला गायला बसवावे. भ्रमणध्वनीवर मुद्रण करावे, गाव, वर्ष आणि ओवी कोणाकडून शिकली ते नोंदवावे. आवाज थरथरला तरी तसाच ठेवावा. मागे पेटी-तबला घालू नये.