कच्च्या पोरावर बोली लावावी का?

१६ डिसेंबर २०२५ रोजी अबुधाबीत आयपीएलचा लिलाव झाला आणि चेन्नईच्या संघाने प्रशांत वीर व कार्तिक शर्मा या दोघांसाठी प्रत्येकी १४ कोटी २० लाख रुपये मोजले. भारताकडून एकही सामना न खेळलेली, विशीच्या आसपासची ही पोरे. दुसऱ्या दिवशी मोताळ्याच्या बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर हाच आकडा तोंडातोंडी होता. कपाशीचा भाव त्या दिवशी मागे पडला. ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतले. "साहेब, पोरगं बरं खेळते. दहावी झाली का नागपूरले अकादमीत टाकाव म्हणतो. एखादा एकर इकाव लागीन. काय करू?"

बँकेत उभी हयात गेल्यामुळे लोक मला अजून पैशाचेच विचारतात. पण हा प्रश्न त्या बापापुरता नाही. लिलावाच्या टेबलाशी बसलेल्या संघमालकापुढेही तोच असतो. जो आज तयार नाही, पण उद्या होईल असे वाटते, त्याच्यावर आज किती पैसा लावायचा?

याचे उत्तर शोधायला आपल्याच अमरावतीच्या जितेश शर्माची गोष्ट पुरेशी आहे. २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने या यष्टीरक्षक फलंदाजाला १० लाखांत घेतले. दोन हंगाम तो संघात होता, पण एकही सामना खेळला नाही. पार्थिव पटेल आणि जोस बटलर यांच्यासारखे यष्टीरक्षक असताना नवख्या पोराला कोण उतरवणार? २०१७ चे विजेतेपद त्या संघाने मिळवले, तेव्हा त्यांचे चुकले असेही म्हणता येत नाही. पुढची चार वर्षे आयपीएलचे दार त्याला बंदच होते. २०२२ मध्ये पंजाबने त्याला २० लाखांत घेतले आणि खेळवले. त्या वर्षी त्याने २३४ धावा केल्या, पुढच्या वर्षी ३०९. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तो भारताकडून खेळला. २०२४ मध्ये मात्र धावा १८७ वर घसरल्या. तरीही त्या नोव्हेंबरात बंगळुरूने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध तो संघाचे नेतृत्व करत होता. पुढ्यात २२८ धावांचे लक्ष्य होते. जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून सामना काढला. आठवड्याभरात, ३ जूनला, बंगळुरूने पहिल्यांदाच करंडक उचलला, आणि तोही त्याला घडवणाऱ्या पंजाबला ६ धावांनी हरवून.

आता याचा हिशेब मांडून पाहा. पहिली बोली लागली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. खरे फळ हाती आले ते एकतिसाव्या वर्षी. मधल्या काळात त्याला सांभाळले कोणी? त्याला विकत घेणाऱ्या पहिल्या संघाने नव्हे. आयपीएलचे दार बंद होते तेव्हा तो विदर्भाकडून देशांतर्गत स्पर्धा खेळत होता. म्हणजे वाढवण्याचा खर्च एकाने केला आणि फळ दुसऱ्याच्या टोपलीत पडले. २०२५ मध्ये तर जितेश विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला.

आमच्या धंद्यात पीककर्ज वेगळे आणि बागेचे मुदत कर्ज वेगळे. सोयाबीनचे कर्ज हंगाम संपताच फेडायचे असते. संत्र्याचे कलम लावले तर पहिली चार-पाच वर्षे हाती काही येत नाही. म्हणून हप्ते उशिरा सुरू होतात आणि शेतकरी तोवर आंतरपिकावर घर चालवतो. संत्र्याला सोयाबीनचे हप्ते लावले तर बाग वाळते, शेतकरी बुडतो आणि बँकेचे कर्जही थकते. कच्चा खेळाडू ही संत्र्याची बाग आहे. त्याला लागणारा वेळ हाच खरा खर्च. बोलीची रक्कम हा त्यातला एक भाग झाला.

अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल खेळतात. त्यात क्वार्टरबॅक हा खेळाडू सगळा डाव चालवतो. दरवर्षी संघ पाळीपाळीने महाविद्यालयांतली पोरे निवडतात आणि तिथेही हाच वाद रंगतो. ग्रीन बेने २००५ मध्ये अॅरन रॉजर्सला निवडले, पण ब्रेट फार्व्ह हा मुरलेला खेळाडू असल्याने त्याला तीन वर्षे मागे बसवले. २००८ मध्ये त्याच्या हाती संघ आला आणि २०११ च्या फेब्रुवारीत त्याने अजिंक्यपद जिंकून दिले. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये निवडलेल्या पॅट्रिक महोम्सलाही पहिले वर्ष जवळजवळ बसूनच काढावे लागले. पुढे तो काय झाला, ते जगाने पाहिले. या दोन्ही संघांकडे आजची लढाई लढणारा माणूस होता, म्हणून उद्याच्या माणसाला थांबू देणे त्यांना परवडले.

यावर कोणी म्हणेल, वैभव सूर्यवंशीचे काय? तेराव्या वर्षी राजस्थानने त्याला १ कोटी १० लाखांना घेतले आणि २८ एप्रिल २०२५ रोजी, चौदाव्या वर्षी, त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. खरे आहे. पण लाखात एकाच्या भरवशावर कर्जवाटप होत नसते. लवकर उजेडात आलेल्यांची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. पृथ्वी शॉने २०१८ मध्ये पदार्पणाच्याच कसोटीत शतक केले; २०२४ च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोली लावली नाही.

माझे मत विचाराल, तर संघाने कच्च्या पोराला जरूर घ्यावे, पण तीन अटींवर. त्याच्या जागेवर आज खेळणारा भरवशाचा माणूस हवा. त्याला वर्षभर कुठे ना कुठे खरे सामने मिळायला हवेत. नुसत्या जाळ्यातल्या सरावाने खेळाडू पिकत नाही. आणि तिसरी अट किमतीची. दहा-वीस लाखांच्या पोराला थांबवता येते. चौदा कोटींच्या पोराला पहिल्याच सामन्यात उतरवावे लागते, कारण मालक, प्रेक्षक आणि वर्तमानपत्रे सगळीच हप्ता मागायला दारात उभी असतात. ज्याला वेळ हवा, त्याचा वेळ ती मोठी बोलीच खाऊन टाकते.

विदर्भाने स्वतः काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा हा संघ कितीतरी वर्षे कच्चा लिंबू समजला जाई. नागपुरात अकादमी उभी राहिली, पोरे घडू लागली, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज सोबतीला आला. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला फैज फजलच्या संघाने दिल्लीला हरवून रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा आणि २०२५ मध्ये तिसऱ्यांदा. साठ वर्षे फळ न देणाऱ्या झाडाला पाणी घालत राहणारी माणसे होती, म्हणून हे झाले.

त्या शेतकऱ्याला मी म्हणालो, वावर विकू नका. संघमालकाचे चौदा कोटी बुडाले तर पुढच्या वर्षी तो पुन्हा बोली लावतो. तुमचा एकर गेला तर परत येत नाही. पोराला खेळू द्या, बारावीही होऊ द्या. जिल्ह्याच्या संघातून विदर्भाच्या सोळा, एकोणीस, तेवीस वर्षांखालच्या संघांकडे वाट जाते. त्या वाटेवर त्याला आधी चालू द्या. खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव पोलीस भरतीच्या मागे होता. विशीला टेकेपर्यंत तो टेनिसच्याच चेंडूने खेळत होता. २०११ मध्ये तो भारताकडून कसोटी खेळला. सोळाव्या वर्षी अकादमीत गेला नाही म्हणून कोणाचे दार बंद होत नाही.

त्यांनी चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे थांबाव म्हणता." थांबा असे मी म्हटले नव्हते. पाणी घालत राहा, एवढेच म्हणालो होतो.