पुढच्या एप्रिलची वैरण या मिरगाला लावा

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या गोठेवाल्या बांधवांनो, माय-बहिणींनो,

वैशाख सरत आला. सड्यावरचे करड संपले, विहिरीचा तळ दिसू लागला आणि गव्हाणीत भाताच्या पेंढ्याशिवाय, म्हणजे आपल्या तणाशिवाय, काही पडत नाही. पहाटे सोसायटीत दूध घालायला रांगेत उभे राहिले की एकच बोलणे कानावर येते : दूध उतरले. कुणी उष्म्याला दोष देतो, कुणी गाईच्या जातीला. मला हात जोडून सांगायचे आहे की बहुतेक गोठ्यांत दोष जातीचा नाही, गव्हाणीचा आहे.

सरकारच्या कामधेनू योजनेतून आपण संकरित गाय आणतो. घाटावर विकणाऱ्याच्या दारात ती भरपूर दूध देत असते, कारण तिथे तिच्यापुढे हिरवी वैरण असते. आपल्याकडे आली की तिला तण. चारशे किलोच्या गाईच्या पोटात दिवसाला दहा-बारा किलो सुका चारा जावा लागतो. तेवढे तण खाऊन पोट भरते, पण तणात प्रथिने असतात शेकडा तीन-चार. त्यातून दूध कसे व्हावे? मग ती स्वतःच्या अंगातून देते. कमरेची हाडे वर येतात, माज दिसत नाही, गाभण राहत नाही. दोन लिटर दूध कमी झालेले आपल्याला त्याच दिवशी कळते. वासराचे एक वर्ष बुडाले, हे फार उशिरा कळते, आणि खरा तोटा तोच.

पाण्याचेही तसेच. आमच्या घरी वर्षानुवर्षे सकाळ-संध्याकाळ बादली दाखवायची पद्धत होती. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमची गाय तांबू भर दुपारी दावे ताणून हंबरत होती. बादली पुढे केली तर तिने मान वर न करता ती रिकामी केली, दुसरीही केली, आणि मग ओल्या नाकपुड्या फुरफुरवत माझ्या हाताला चाटू लागली. मला लाज वाटली. दुभत्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागते आणि मी तिला मोजून देत होतो. तेव्हापासून गव्हाणीशेजारी सिमेंटची कुंडी बांधली, ती चोवीस तास भरलेली असते. आठवड्यातच दुधात फरक दिसला. पेंडीचा एक दाणाही वाढवला नव्हता.

पूर्वी गुरे सोडली की राखणा त्यांना सड्यावर न्यायचा. आज मोपाच्या सड्यावर विमाने उतरतात. डिचोलीत शिरगाव-मयेच्या बाजूला खाणींनी डोंगर नेले. 2012 मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभे राहिले, तेव्हा गोठ्यातल्या दोन गाईंनी ज्यांची चूल पेटती ठेवली अशी घरे आपल्या तालुक्यांत आहेत. त्या गाईंना चरायला आता जागा नाही. तेव्हा चारा आपणच पिकवायला हवा.

माझी मुख्य मागणी एकच आहे. दर गाईमागे पाचशे चौरस मीटर जागा संकरित नेपियरसाठी काढा. बांधाची कड, गोठ्याच्या सांडपाण्याची वाट, माडाखालची मोकळी जागा, काहीही चालेल, पाणी मात्र तुंबता कामा नये. मिरगाच्या पावसावर दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या तीन फूट बाय दोन फुटांवर लावायच्या, साधारण नऊशे कांड्या लागतात. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढे दर दीड महिन्याने. शेणखत आणि उन्हाळ्यात पाणी दिले तर एका गाईला रोज वीस किलोच्या वर हिरवा चारा निघतो. तिळारीच्या कालव्याचे पाणी ज्यांच्या शेतापर्यंत येते त्यांनी तर मागेपुढे पाहूच नये.

आळसांद्यांचेही विसरू नका. भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर आपण ते पेरतोच. शेंगा काढल्या की वेल उपटून बांधावर टाकून देतो. तो वेल प्रथिनांनी भरलेला असतो. तणाबरोबर कापून घातला तर गाय आधी तोच वेचून खाते.

आणि तण. कापणीचे मशीन आले तेव्हापासून ते शेतातच पसरून राहते, परतीच्या पावसात कुजते नाहीतर पेटवले जाते. ते ऊन लागताच गोळा करा. शंभर किलो तणाला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा आणि एकवीस दिवस प्लॅस्टिकखाली हवाबंद दाबून ठेवा. तण मऊ होते, प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात. पहिल्या खेपेला पशुवैद्यांना बोलावून त्यांच्यासमोरच करा. युरिया नुसता गुरांच्या तोंडी लागला तर जीव जातो, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना हे तण घालायचेच नाही.

ज्यांच्याकडे गुरे नाहीत त्यांनाही विनंती आहे. शेत पडीक ठेवले असेल तर शेजारच्या गोठेवाल्याला निदान गवत कापू द्या. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी आणि लग्नघरांनी उरलेला भात गुरांपुढे ओतू नये. पुण्य म्हणून घातलेला तो पातेलेभर भात गाईच्या पोटात आंबतो, पोट फुगते, आणि बसलेली गाय पुन्हा उठत नाही. दिवाळीच्या पाडव्याला आपण तिला ओवाळतो, माळ घालतो, पोळे भरवतो. त्याच हातांनी हे होऊ नये.

आमच्या बांधावर नेपियरचे ठोंब भरपूर आहेत. मिरगाआधीच्या दोन रविवारी सकाळी मी कांड्या तोडायला असेन. पैसे नकोत. कोयता आणि दोन गोणपाटे घेऊन या. पुढच्या वर्षी तुमच्या ठोंबांतून आणखी दोघांना द्या.