शाळेतला नाश्ता: नुसते पोट भरणे पुरेसे नाही

“सकाळी काहीच खात नाही डॉक्टर, कपभर दूध कसंबसं पितो आणि पळतो.” लहान मुलांच्या दवाखान्यात ही तक्रार रोजचीच. काही घरांत वेळ नसतो, काही घरांत मुलाला भूक नसते, आणि काही घरांत आई सहालाच कामावर निघालेली असते. कारणे वेगळी असली तरी मूल शाळेत पोहोचते ते जवळपास उपाशीच.

जरा हिशोब करू. रात्री आठला जेवलेले मूल सकाळी सातच्या शाळेत गेले आणि मधली सुट्टी दहाला झाली, तर दोन खाण्यांमध्ये चौदा तास जातात. मोठ्या माणसाला हे सहज जमते, लहान मुलाला नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्यांच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो आणि त्याला सतत ग्लुकोज लागते. रात्रभर ते पुरवणारा यकृतातला साठा मात्र त्याच्या लहान शरीराच्या मानाने छोटाच असतो. निरोगी मूल यामुळे चक्कर येऊन पडत नाही. ते जांभया देते, चिडचिड करते, पोट दुखते म्हणते, फळ्याकडे बघत बसते. आपण मात्र त्याला ‘लक्ष नसलेला’ किंवा ‘खोडकर’ ठरवून मोकळे होतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. बालवाडी ते चौथीच्या मुलांना शाळा सुरू होण्याआधी नाश्ता मिळायलाच हवा. पण कसाही नाही. बिस्किटाचा पुडा हातात ठेवणे म्हणजे नाश्ता नव्हे.

हे शक्य आहे का?

तमिळनाडूने करून दाखवले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे १,५४५ सरकारी शाळांत पहिली ते पाचवीच्या सुमारे १.१४ लाख मुलांपासून सुरुवात झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये योजना ३१,००० हून अधिक शाळांत पोहोचली. उपमा, खिचडी, पोंगल आणि सोबत भाज्या घातलेले सांबार, असा साधा, ताजा आणि तिथल्या मुलांच्या ओळखीचा पदार्थ असतो. बहुतेक ठिकाणी तो बचत गटांच्या महिला शिजवतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळेतल्या नाश्त्याची शिफारस आहे. तरी २०२१ मध्ये ‘पीएम पोषण’ योजना मंजूर झाली तेव्हा तिच्यात नाश्ता नव्हता. महाराष्ट्रात २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला. तो झोपेसाठी चांगलाच आहे, पण शाळा उशिरा भरली म्हणून घरात नाश्ता तयार होतोच असे नाही.

चांगला नाश्ता कसा ओळखावा?

१. वेळ: नाश्ता पहिल्या तासाच्या आधी हवा. दहाला दिला तर ती मधली सुट्टीच झाली, शिवाय दुपारच्या जेवणाची भूकही मरते. जे मूल उशिरा येते त्याचे ताट बाजूला काढून ठेवलेले असावे. बहुधा त्यालाच सर्वात जास्त गरज असते. ‘उशीर झाला, आता नाही’ ही शिक्षा लहान मुलाला कधीच देऊ नये.

२. ताटात काय? धान्य, थोडे प्रथिन आणि जमल्यास फळ. शेंगदाणे घातलेले पोहे आणि वर लिंबू, भाज्या घालून केलेला उपमा, मुगाच्या डाळीची खिचडी, थालीपीठ-दही, उकडलेले अंडे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतले लोह चांगले शोषले जाते. चहाने उलट होते, म्हणून चहा-खारी आणि चहा-पोळी हा मुलांचा नाश्ता नव्हे.

चूल पेटवणे शक्य नसेल तिथे शेंगदाणे किंवा हरभरे, गूळ आणि गावातले फळ चालेल असे शैक्षणिक धोरण सुचवते. कल्पना उत्तम आहे, पण डॉक्टर म्हणून एक सावधानता सांगतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांना कुटाचा लाडू द्या.

३. सर्वांना एकच पंगत: ‘गरीब मुलांची यादी’ करून नाश्ता दिला की ज्याला भूक आहे तेच मूल लाजेने मागे राहते. ज्याचे घरी खाणे झाले आहे त्याने थोडे घ्यावे, पण बसावे सर्वांनी एकत्र. कोणी किती खाल्ले यावरून चिडवणे नको आणि ताट संपवायची सक्तीही नको.

४. शांतपणा आणि स्वच्छता: साबणाने हात धुणे, बसायला जागा, खायला पंधरा-वीस मिनिटे आणि जवळ एक मायेचे मोठे माणूस. हे वरवरचे वाटेल, पण तसे नाही. जमैकातल्या ग्रामीण शाळांत १९९० च्या दशकात झालेल्या एका अभ्यासात, चांगल्या सोयी असलेल्या शाळेत नाश्त्यानंतर मुलांचे वर्गातले लक्ष वाढले. दाटीवाटीच्या, सोयी नसलेल्या शाळांत मात्र वर्तन उलट बिघडले. इंग्लंडमध्ये शाळेआधी मुलांना एकत्र बसवून खाऊ घालणारे ‘ब्रेकफास्ट क्लब’ असतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात, असे क्लब चालवणाऱ्या शाळांतली सहा-सात वर्षांची मुले अभ्यासात सुमारे दोन महिन्यांनी पुढे दिसली. वर्ग शांत झाल्याचा फायदा क्लबला न येणाऱ्या मुलांनाही झाला. थोडक्यात, अन्नाइतकेच ते कसे दिले जाते हेही महत्त्वाचे.

दोन आक्षेप

‘नाश्ता देणे आईवडिलांचे काम आहे.’ मान्य. पण ऊसतोडीला किंवा धुण्याभांड्याच्या कामाला अंधारातच निघणाऱ्या आईला हे सांगून मुलाचे पोट भरत नाही. आईची अडचण कोणतीही असो, तिची किंमत सहा वर्षांच्या मुलाने का मोजावी?

‘शिक्षकांवर आणखी एक काम.’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. हजेरी, खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती यांत शिक्षक आधीच अडकलेले आहेत. म्हणून नाश्त्यासाठी वेगळी माणसे आणि वेगळे मानधन हवे. दुपारची खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडून त्याच पैशात दोन तास जास्त काम करून घेणे हा अन्याय होईल. तसेच नाश्त्याचा खर्च दुपारच्या जेवणातून कापू नये. प्राथमिकच्या मुलाला दुपारी ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. नाश्ता त्याच्या वर हवा.

आज काय करता येईल?

योजना येईल तेव्हा येईल. पालकांनी रात्रीचे जेवण थोडे लवकर द्यावे, म्हणजे सकाळी भूक लागेल. दुधासोबत अर्धी पोळी, केळे किंवा एक लाडू एवढेही चालते. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: आपल्या शाळेत आज किती मुले काही न खाता आली? शिक्षकांनी आठवडाभर सहज गप्पांतून ही नोंद ठेवली, कोणाचेही नाव न घेता, तरी आकडा समोर येईल. एकदा तो दिसला की पुढचे बोलणे ‘नाश्ता हवा का’ यावर न होता ‘कधीपासून’ यावर होईल.