विश्लेषण : धावण्याची मेहनत गोळीमुळे वाया जाते का?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा सराव सुरू झाला, की धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बुटांच्या खालोखाल चर्चा रंगते ती गोळ्यांची. ‘क’ जीवनसत्त्वाची चघळायची गोळी आणि जोडीला ‘ई’ची हिरवी कॅप्सूल. धावल्याने शरीरात फ्री रॅडिकल्स वाढतात, अँटीऑक्सिडंट त्यांना निकामी करतात, म्हणून गोळी घेतली की स्नायूंचे भले होते, असा साधा हिशेब. यातली पहिली दोन विधाने बरोबर आहेत. घोळ तिसऱ्यात आहे.

फ्री रॅडिकल्स शत्रूच का?

अति झाले तर ते पेशींना इजा करतात, हे खरे. पण व्यायामात तयार होणारे फ्री रॅडिकल्स निरोप्याचेही काम करतात. ‘इथे ताण पडतोय, तयारी वाढवा’ हा निरोप पोहोचला की स्नायूंच्या पेशीत नव्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, तयार होऊ लागतात. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करण्याचे काम त्यांचेच. शरीर स्वतःची अँटीऑक्सिडंट विकरेही वाढवते. दम टिकतो तो या सगळ्यामुळे. बाहेरून मोठा डोस दिला तर निरोप्यालाच दारात अडवल्यासारखे होते.

प्रयोग काय सांगतात?

जर्मनीतील येना येथील मायकेल रिस्टो यांच्या गटाने २००९ मध्ये जवळपास ४० निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. काहींना रोज १००० मिलिग्रॅम ‘क’ आणि ४०० युनिट ‘ई’ दिले, इतरांना नाही. व्यायामाने इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला, पण फक्त गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये. हा डोस अवाढव्य वाटतो? औषध दुकानातल्या ५०० मिलिग्रॅमच्या ‘क’च्या दोन गोळ्या आणि ‘ई’ची एक कॅप्सूल, झाला की तेवढा. प्रयोग मधुमेहींवर नव्हता, हे मान्य. तरीही साखर आटोक्यात राहावी म्हणून पहाटे उठून चालणाऱ्या, धावणाऱ्या आपल्याकडच्या असंख्य मंडळींनी या निष्कर्षाकडे काणाडोळा करू नये.

नॉर्वेतील ओस्लोच्या क्रीडाविज्ञान संस्थेत ५४ तरुण-तरुणींवर ११ आठवडे असाच प्रयोग झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाच्या वाढीच्या खुणा दिसल्या नाहीत, दुसऱ्या गटात दिसल्या.

मग धावण्याचा वेग घटतो?

इथे मात्र छातीठोकपणे ‘हो’ म्हणता येत नाही. ओस्लोत दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सारखीच वाढली. डेन्मार्कमधल्या २०१० च्या अभ्यासात तर गोळ्यांचा काहीच परिणाम आढळला नाही. म्हणजे गोळी घेतल्याने मॅरेथॉन हुकेल, असे कुणी सांगत असेल तर तेही अतिशयोक्तच. पण प्रश्न उलट बाजूने विचारायला हवा. फायदा दिसत नाही, तोटा होण्याची शक्यता आहे, मग सरावाच्या ऐन महिन्यांत रोज गोळी कशासाठी? ‘नुकसान तर नाही ना’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण नेमके तेच खात्रीने सांगता येत नाही.

एक अपवाद नोंदवला पाहिजे. मॅरेथॉन धावपटू, स्कीपटू आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांच्यावरील पाच चाचण्यांत, नियमित ‘क’ घेणाऱ्यांमध्ये सर्दीचे प्रमाण जवळपास निम्मे आढळले. त्यामुळे स्पर्धेच्या अगदी तोंडावर, थोड्या दिवसांसाठी कुणी ती घेतली तर समजू शकते. तपासणीत कमतरता आढळून डॉक्टरांनी दिलेली गोळी तर वेगळीच गोष्ट. ती मनाने बंद करू नये.

बाकीच्यांची गरज किती? आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम ‘क’ पुरते, स्त्रीला ६५. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम असते. सराव आटोपून घरी येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून एक पेरू घेतला, की त्या दिवसाचा कोटा पुरा.