सैतान कोणास म्हणावे?



शेक्सपिअरचे ‘व्हेनिसचा व्यापारी’ हे नाटक १६०० साली प्रथम छापले गेले. त्यातील ज्यू सावकार शायलॉक क्रौर्याबद्दल प्रसिद्ध आहे. कर्ज मुदतीत न फिटल्यास ऋणकोच्या देहातील रत्तलभर मांस घेण्याचा करार त्याने लिहून घेतला व भर न्यायसभेत सुरीला धार लावली. या कृत्याची वकिली आम्हांस करावयाची नाही. परंतु त्याला सैतान हे विशेषण केव्हा लावले गेले, हे तुम्ही तपासून पाहावे.

करार अद्याप व्हावयाचा आहे. शायलॉक आपल्या नफ्याच्या समर्थनार्थ याकोबाच्या मेंढरांची कथा सांगतो. अँटोनिओ प्रथम उत्तर देतो की, मेंढरांची वाढ ईश्वराधीन आहे. सोने-रुपे म्हणजे मेंढरे नव्हेत. येथवर हा वाद रीतसर आहे. पण लगेच तो सोबत्याकडे वळून, सैतानालाही धर्मग्रंथाचा आधार देता येतो, अशा अर्थाचा टोमणा मारतो. येशूला मोहात पाडताना सैतानाने शास्त्रवचन पुढे केले, या शुभवर्तमानातील प्रसंगाकडे त्याचा रोख आहे.

याचा अर्थ काय होतो? याकोबाची कथा ज्यूंच्याच धर्मग्रंथातील आहे. ज्याचा ग्रंथ, त्यानेच तो उघडला तर तो सैतान! येथे युक्तिवादाचे खंडन राहिले बाजूला. बोलणाऱ्याचा अधिकारच हिरावला गेला. सुरी व सूड नंतरचे आहेत. अंगावर थुंकणे व कुत्रा म्हणणे आधीचे आहे. आणि पुन्हा तसेच करीन, असे अँटोनिओ तेथेच बजावतो. इंग्लंडने तर १२९० सालीच ज्यूंना हद्दपार केले होते. तेथील बहुतेक प्रेक्षकांस ज्यू ठाऊक होता तो ऐकीव गोष्टींतूनच.

शेवट पाहा. दयेवर सुंदर भाषण झालेल्या त्याच न्यायसभेत शायलॉकने ख्रिस्ती व्हावे, अशी अट अँटोनिओ घालतो; आणि ती न पाळल्यास दिलेली क्षमा मागे घेईन, असे ड्यूक सुनावतो. ज्याला सैतान ठरविले, त्याला सदसद्विवेकबुद्धी असेल असे कोणास वाटत नाही. मग त्याची संमती कोण विचारणार? स्वतः विचार करून धर्म स्वीकारणाऱ्या तुम्हांस यातील अन्याय समजावून सांगावयास नको. आपल्या संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे, ते प्रत्येक व्यक्तीला; त्यात कोणास वगळलेले नाही.

मुलांना हे नाटक अवश्य वाचू द्या. शायलॉकच्या कृत्यास त्यांनी खुशाल दोष द्यावा. मात्र कोणास सैतान म्हटलेले दिसले की, हे कोण म्हणाला, कशाच्या आधारे म्हणाला व त्यामुळे कोणाचे तोंड बंद झाले, हे तीन प्रश्न विचारावयास त्यांना शिकवा.