अटकेची पाटी कोणासाठी?

१ जुलै २०२४ रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तीन नव्या फौजदारी कायद्यांवर त्या वेळी जो वाद झाला तो मुख्यतः पोलीस कोठडीच्या तरतुदींभोवती आणि राजद्रोहाच्या कलमाच्या नव्या अवताराभोवती फिरला, आणि ते रास्तही होते. संहितेचे ३७ वे कलम मात्र त्या गदारोळात फारसे कोणाच्या नजरेस आले नाही. अटक झालेल्या व्यक्तींची नावे, पत्ते आणि त्यांच्यावरील आरोपाचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल माध्यमासह कोणत्याही प्रकारे, प्रदर्शित करावे, असे हे कलम सांगते. कारभार पारदर्शक करण्याचे हे एक साधे पाऊल आहे, असे वाचणाऱ्याला वाटावे. माहितीच्या अधिकारासाठी ज्या चळवळी झगडल्या त्यांच्या कार्यकर्त्यांनाही ते स्वागतार्ह वाटण्याचा संभव आहे. म्हणूनच या कलमाची वंशावळ तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पोलिसांनी माणूस उचलून नेला आणि तो कोठे आहे हे घरच्यांना कळले नाही म्हणजे काय होते, हे आणीबाणी पाहिलेल्या पिढीला सांगण्याची गरज नाही. १९९४ साली जोगिंदर कुमार आणि १९९६ साली डी. के. बसू या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने अटकेची माहिती आप्तांना मिळालीच पाहिजे, असा दंडक घालून दिला. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्ती कायद्याने ४१-ग हे कलम आले. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेरील फलकावर अटक झालेल्याचे नाव व पत्ता लावावा, आणि त्याच्या जोडीला अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव व हुद्दाही लावावा, असे ते कलम होते. आरोपाचे स्वरूप त्या फलकावर नव्हते. पोलिसांवर जनतेची नजर राहावी हा त्या पाटीचा हेतू होता.

नव्या कलमात अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लावण्याचे बंधन उरलेले नाही. त्याऐवजी अटक झालेल्यावरचा आरोप आला आहे. हे जाणूनबुजून झाले की मसुदा करणाऱ्यांच्या अनवधानाने, हा प्रश्न गौण आहे. ज्या पाटीने राज्यसत्तेकडे बोट दाखवायचे ती आता पकडलेल्या माणसाकडे बोट दाखवू लागली, ही वस्तुस्थिती आहे.

आता 'डिजिटल' या शब्दाकडे वळावे. ठाण्याबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेले नाव चार दिवसांत पुसले जाते आणि ते वाचायला ठाण्यापर्यंत जावे लागते. संगणकावरच्या यादीला ना पुसणारा ओला बोळा ना जिल्ह्याची वेस. ती कोणीही उतरवून घेऊ शकतो, साठवू शकतो, विकू शकतो. सरकारने आपले पान काढून टाकले तरी खासगी कंपनीच्या संग्रहातले नाव तसेच राहते. २०१६ साली प्रथम माहिती अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो आरोपीला आपल्यावरील आरोप तत्काळ कळावा म्हणून, आणि लैंगिक अत्याचारासारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळण्यात आली. पण एकदा वेशीवर टांगलेला कागद आरोपीच वाचतो असे नाही. कामगार पुरवणारा ठेकेदार वाचतो, घरमालक वाचतो, आणि मुलीसाठी स्थळ पाहणारेही वाचतात.

शिवाय ही यादी गुन्हेगारांची नव्हेच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, कच्चे कैदी होते. त्यांचा खटला संपलेला नव्हता, काहींचा उभाही राहिलेला नव्हता. यांतले पुष्कळ लोक यथावकाश निर्दोष सुटतात. सुटकेची पाटी मात्र कोणतेही कलम लावायला सांगत नाही.

या तरतुदीच्या बाजूने जे बोलले जाते ते सगळेच टाकाऊ नाही. मुलांच्या सुरक्षिततेची चिंता खरी आहे. अमेरिकेत १९९६ च्या संघीय कायद्यानंतर लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांच्या याद्या राज्याराज्यांनी जनतेसाठी खुल्या केल्या, तो दाखला येथे नेहमी दिला जातो. भारतात २०१८ साली अशी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली तेव्हा ती केवळ तपास यंत्रणांपुरती ठेवण्यात आली, आणि तो निर्णय शहाणपणाचा होता. आपल्याकडे बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत शेकडा नव्वदांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. नात्यातल्या माणसाचे नाव जगजाहीर होणार म्हटल्यावर तक्रार दडपण्याचे दडपण त्या मुलीवरच येणार.

दुसरा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या पुस्तकातला आहे आणि अधिक अवघड आहे. नोंद झाकून ठेवली तर मालक अंदाजाने वागतो आणि तो अंदाज जातीवरून, वर्णावरून बांधतो. त्यापेक्षा खरी माहिती खुली असलेली बरी, असे म्हटले जाते. याला पुरावाही आहे. अमेरिकेतील काही राज्यांत नोकरीच्या अर्जावर पूर्वीच्या गुन्ह्याविषयी विचारण्यास बंदी झाली, तेव्हा न्यू जर्सी व न्यू यॉर्कमधील पाहणीत गोऱ्या आणि काळ्या उमेदवारांना येणाऱ्या बोलावण्यांतील तफावत वाढल्याचे आढळले. समाजवाद्यांनी हा पुरावा चटईखाली सारू नये. पण त्याच देशातील मिलवॉकी शहरात डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ विदुषीने केलेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही शेजारी ठेवावा. गुन्ह्याची नोंद असलेल्या गोऱ्या अर्जदारांपैकी शेकडा १७ जणांना बोलावणे आले; नोंद नसलेल्या काळ्यांपैकी १४ जणांना; आणि नोंद असलेल्या काळ्यांपैकी अवघ्या ५ जणांना. म्हणजे कोरी पाटी काळ्या माणसाला संशयातून सोडवीत नाही आणि भरलेली पाटी त्याला पुरते बुडवते.

येथे तर अडचण आणखी खोल आहे. बाजाराला मिळणारी माहिती निरपेक्ष असेल तरच ती उपयोगी, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. अटकेची यादी निरपेक्ष नसते. ती पोलिसांच्या संशयातून तयार होते, आणि त्या संशयाला महाराष्ट्रात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो मुंबई इलाख्यात आला. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना. आणि सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण. १९५२ साली कायदा रद्द झाला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्याच्या पालावर, हा क्रम काही कोणत्या कायद्यात लिहिलेला नव्हता, म्हणून तो रद्दही झाला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला, यातच पुष्कळ आले. अशा संशयाची यादी रोजच्या रोज प्रसिद्ध केली, तर धाडीतला पूर्वग्रह उद्या नोकरीच्या दारात आकडेवारी म्हणून उभा राहील. पालावरचा मुलगा शिकून गोदामात किंवा सुरक्षा रक्षकाच्या कामावर लागायला गेला, की त्याचे नाव यादीत सापडेल. मग त्याला पुन्हा पालावरच ढकलायचे, आणि पुढच्या चोरीला पुन्हा त्यालाच धरायचे.

मग निवडणुकीच्या उमेदवारांचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. २००२ पासून त्यांना आपल्यावरील खटले शपथपत्रात जाहीर करावे लागतात, आणि २०२० च्या निकालानुसार पक्षांना असे उमेदवार का निवडले याचे कारणही प्रसिद्ध करावे लागते. यात विसंगती नाही. जो सत्ता मागतो त्याने हिशेब दिला पाहिजे. जो मजुरी मागतो त्याच्याकडून तो हिशेब चव्हाट्यावर मागण्याचे कारण नाही. ज्या कामात खरोखर जोखीम आहे तेथे पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीची वाट उपलब्ध आहेच.

सरकारचे गणित नेमके उलटे आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातील व्यक्तिगत माहितीचा अपवाद सरसकट करून टाकला, आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर माहिती द्यावी ही त्या अपवादातली अट गेली. व्यापक लोकहिताचे स्वतंत्र पोटकलम शिल्लक आहे, पण त्याचा भार अर्जदाराने वाहायचा. अधिकाऱ्याच्या मालमत्तेचा, ठेकेदाराच्या बिलाचा प्रश्न आला की खासगीपणा पवित्र. हमालाच्या अटकेचा प्रश्न आला की पारदर्शकता पवित्र!

पक्षाच्या जिल्हा समित्यांना यात करण्यासारखे बरेच आहे. अटकेची माहिती आप्तांना आणि वकिलाला तत्काळ मिळावी, फलक ठाण्यावर राहावा पण नाव-पत्त्यांची यादी महाजालावर जाऊ नये, फलकावर अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव पुन्हा यावे, आणि दोषमुक्त झालेल्याची नोंद न मागता निघावी, असे नियम राज्य शासनाला करता येतील. संहितेने 'कोणत्याही प्रकारे' म्हटले आहे, महाजालावरच असे म्हटलेले नाही. तोवर प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या ठाण्याबाहेरचा फलक आठवड्यातून एकदा पाहून यावे, त्यावर कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत याची वहीत नोंद ठेवावी, आणि ती वही येत्या अधिवेशनाच्या वेळी विधिमंडळातील लोकप्रतिनिधींच्या हाती द्यावी.