दिव्यांगांचे व्यवसाय प्रशिक्षण: टक्केवारी की क्षमता?

शालेय शिक्षणानंतर अल्पावधीत रोजगार मिळवून देणारा मार्ग म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे, म्हणजेच आयटीआयकडे पाहिले जाते. यातील काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीनुसार, २०१८ मध्ये १५ वर्षे व त्यावरील दिव्यांगांपैकी केवळ १९.३ टक्के व्यक्तींनी माध्यमिक किंवा त्यापुढील शिक्षण घेतले होते. याच वयोगटातील श्रमशक्तीत त्यांचा सहभाग २३.८ टक्के होता.

दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाचे ७ प्रकार वाढून २१ झाले. कलम ३२ अन्वये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखून ठेवणे बंधनकारक आहे. व्यवसाय प्रशिक्षणाविषयीच्या कलम १९ मध्ये मात्र असे कोणतेही प्रमाण नाही. सर्वसाधारण प्रशिक्षणात दिव्यांगांचा समावेश करावा, त्यांना पुरेशा सुविधा द्याव्यात आणि प्रगतीची वर्गवारीसह माहिती ठेवावी, असे हे कलम सांगते. त्यामुळे विद्यार्थ्याचा खरा आधार ठरते ती ‘वाजवी सोय’ ही संकल्पना. अशी सोय नाकारणे म्हणजे भेदभाव, असे कायद्याच्या व्याख्येतच नमूद आहे.

खरी अडचण प्रवेशाच्या टप्प्यावर उद्भवते. कोणत्या प्रकारच्या दिव्यांगांनी कोणता व्यवसाय शिकावा, हे आयटीआयच्या अभ्यासक्रमांतच नमूद केलेले असते. सुरक्षिततेचा विचार त्यामागे आहे आणि तो गैर नाही. परंतु एकाच प्रकारात मोडणाऱ्या दोन व्यक्तींची क्षमता सारखी नसते. यंत्रावर घंटेऐवजी दिव्याची सूचना, कामाच्या मेजाची योग्य उंची किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी उपलब्ध झाल्यास अशक्य वाटणारे काम शक्य होऊ शकते. केवळ यादीवरून निर्णय घेतल्यास ही शक्यता तपासलीच जात नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय मार्गदर्शक आहेत. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध आलेल्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, केवळ टक्केवारीच्या आधारे विद्यार्थ्याला अपात्र ठरवता येत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. तो अभ्यासक्रम पूर्ण करण्यात दिव्यांगत्व आड येते किंवा कसे, हे मूल्यमापन मंडळाने कारणांसह नोंदवावे, असेही सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे करण्याचे निर्देशही न्यायालयाने केंद्राला दिले.

हे दोन्ही प्रवेशविषयक व परीक्षाविषयक निर्णय थेट आयटीआयसंबंधी नाहीत. तथापि, भावी डॉक्टरच्या बाबतीत वैयक्तिक क्षमता पाहिली जाणार असेल, तर भावी वीजतंत्री किंवा जोडाऱ्याच्या बाबतीत वेगळा न्याय का, हा प्रश्न उरतोच. प्रवेश नाकारताना लेखी कारणे देणे, कार्यशाळेत आवश्यक सोयी प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी करणे आणि निदेशकांना त्यासाठी तयार करणे, ही त्या दिशेने पहिली पावले ठरू शकतील. कायद्याने दिलेला हक्क कार्यशाळेच्या दारातच अडू नये, यावरच या तरतुदींचे यश अवलंबून आहे.